कॉफीत धुतलेला रोल

हिंगोलीकडच्या गोरेगावात माझ्या साडूंइतका सरळ आणि तरीही न उमगणारा माणूस दुसरा नसेल. ते शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, पण रंगांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दिवाळीला अक्कांना, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, लाल लुगडं घ्यावं की हिरवं असा पेच पडला, तेव्हा हे भर दुकानात म्हणाले, "कोणतंबी घे, फोटूत दोन्ही सारखेच करडे येतेत." गावातल्या लग्नांचे फोटो कधीच रंगीत झाले होते, हिंगोली वेगळा जिल्हाही झाला होता, तरी यांच्या कॅमेऱ्यात काळा-पांढराच रोल असायचा आणि तो ते घरीच धुवायचे.

मग रोल धुवायचं औषध, डेव्हलपर, मिळेनासं झालं. नांदेडच्या एका दोस्ताने फोनवर नवाच नुसखा सांगितला: कॉफी, सोडा आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या. लाइन खरखरत होती, त्यामुळे सोडा खायचा की धुण्याचा, हे काही ऐकू आलं नाही. मी साडूंकडे जेवायला गेलो होतो; जेवण राहिलं बाजूला, आम्ही सोड्यावर वाद घालत बसलो. "धुण्याचाच आसंल," शेवटी ते म्हणाले, "रोल धुवायचाय न्हवं?" हा तर्क मला कसा पटला, ते अजून कळत नाही.

प्रयोगासाठी शेळ्यांच्या फोटोंचा एक रोल वेगळा काढलेला होता. दुसऱ्या रोलवर साडूंची माय होती. फोटोने आयुष्य घटतं असं मानणारी ती म्हातारी कधी नव्हे ती उन्हात कॅमेऱ्यासमोर बसली होती, आणि पुन्हा बसणार नाही असं बजावूनही झालं होतं. रोलला उजेड लागू नये म्हणून साडूंनी गोधडीत हात घालून, चाचपत तो धुवायच्या छोट्या टाकीत भरला, कॉफी ओतली. घरभर असा वास सुटला की अक्का नाकाला पदर लावून अंगणात गेल्या. सगळं आटोपल्यावर पट्टी बाहेर काढून त्यांनी उजेडात धरली आणि ते मटकन खालीच बसले.

"शेळ्या कुठं हायेत?" मी विचारलं.

"शेळ्या न्हाईत ओ पाहुणे. ही माय हाय."

पट्टी सगळी धुरकटलेली. एकच चौकट काय ती जरा स्पष्ट. तेवढ्यात माय आत आली. "काहून आसा बसून राहिलास रे?" साडूंनी पट्टीच तिच्या हातात दिली. तिने ती दाराच्या उजेडात धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, पांढरं ते काळं.

"तोंड काळं केलंस माजं," ती म्हणाली.

साडू पट्टी परत घ्यायला उठले. ती मात्र पट्टी सोडेना. मग हळूच डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "पर केसं बी काळे केलेस रे!" आणि हसायला लागली.

पुढे साडूंनी त्या चौकटीची छान प्रिंट काढली. "ही म्हातारी कोन?" म्हणून मायने ती परत केली. पट्टी मात्र तिच्या पानसुपारीच्या चंचीत असायची. शेजारणींना ती उन्हात धरून दाखवायची.

माय गेल्यावर प्रिंट भिंतीवर गेली. साडू अधूनमधून पट्टी घेऊन खिडकीशी उभे राहतात. एवढं काय बघता, असं मी एकदा विचारलं.

"मायचे केस काळे व्हते तवा मी लेकरू व्हतो," ते म्हणाले. "ध्यानात काहीच न्हाई ओ, पाहुणे."