कल्याणच्या सहलीची यादी

यादी करायचं काम माझं. बारसं असू दे, हळदीकुंकू असू दे, न्हाईतर अंगणवाडीची महिन्याची मीटिंग. कुणी काय आणायचं ते विजयश्रीनं लिहायचं आणि बाकीच्यांनी गुमान आणायचं, असं आमच्यात चालत आलंय. मला तोंड हाय, आवाज हाय, आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय न्हाई. आमचे मालक म्हणतेत, "तू कलेक्टर व्हायची, चुकून टीचर झालीस." पयले ते ऐकून मला लई बरं वाटायचं. आता न्हाई वाटत.

सांगायचंय ते इंदिराबाईचं. पण मला बाजूला ठिवून ते सांगता येत न्हाई, आणि माझा भाग सांगायला मला शरम वाटायलीय. वाटू दे. सांगते.

इंदिराबाई म्हणजे बिदर जिल्ह्यात ठाणाकुशनूरकडच्या आमच्या सहा गावांतली सगळ्यात जुनी अंगणवाडी टीचर. उंच, काटकुळी, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. मायेर दुबलगुंडीचं, शाळा सगळी कानडीत. लगीन होऊन इकडं आली तवा 'पाणी' आणि 'भाकर' एवढीच मराठी येत होती म्हणे. "बाकीची सासूच्या शिव्या ऐकून शिकले," असं तीच सांगायची आणि तीच पयले हसायची. नवरा तात्याराव गवंडी. तो गेला तवा रत्नपाल नववीत होता आणि प्रियंका चौथीत. दोघांना तिनं एकटीनं शिकवलं. रत्नपाल पुण्याला कंपनीत हाय, प्रियंका बिदरला दवाखान्यात नर्स.

बाई लई धिराची. एकदा पंचायतीच्या मेंबरनं तिच्या अंगणवाडीच्या खोलीत सोयाबीनची पोती आणून टाकली. इंदिराक्का भांडली न्हाई, अर्ज केला न्हाई. आपल्या बौद्धवाड्यातली वीस-बावीस लेकरं हाताला धरून नेली आणि सरळ मेंबरच्या ओसरीवर बसवली. "खोली रिकामी होईस्तोवर शाळा इथंच," म्हणली. लेकरांनी मोठ्यानं गाणी म्हणायला सुरू केली, मेंबरची म्हातारी घरातून ओरडायली. दुपारच्या आत पोती भाईर!

आणि तिचं कानडी. त्याच्यावर तर आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या चालल्या. आमी मराठी शाळेत शिकलेल्या. बोलायला कानडी फाडफाड बोलतो, पण लिहायचं म्हणलं की चार ओळी जुळत न्हाईत, आणि सरकारी कागद तर सगळा कानडीत. मीटिंगच्या आदल्या दिवशी मी रजिस्टर काखेत मारून तिच्या घरी जायची. मी सांगायची, ती लिहायची. बावीस वर्षं. सुपरवायझर मॅडम चार जणींत माझ्या अक्षराची तारीफ करायच्या आणि मी मान हलवून ती घ्यायची. बघा, किती निलाजरी बाई!

डिसेंबरात तिला साठ पुरे झाले. म्हणलं, "अक्का, निरोपाला काय पायजे? साडी घ्यावं का?"

"साडी नको," ती म्हणली. "मला कुठंतरी पाण्याकाठी नेऊन बसवा. दिवसभर. लेकरं नकोत, रजिस्टर नको. आपुन सगळ्याजणी मिळून पाण्यात पाय सोडून बसू आणि मोठ्यानं हसू. तीस वर्षं झाली, ट्रेनिंगशिवाय मी कुठं गेलीय सांग बरं."

कुठं जायचं तेबी तिनंच सांगितलं. आमच्याच जिल्ह्यातल्या कल्याणला, त्रिपुरांत तळ्यावर. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून एकदा बघितलं होतं म्हणली, तवापासून पुन्हा बघायचं मनात होतं.

मग काय, मी पदर खोचला. मोबाइलवर आमा सहा टीचरांचा 'कल्याण सहल' असा ग्रुप काढला. अंबाजीची क्रूझर ठरवली. रविवारी सकाळी सातला निघायचं, भालकीत चहा, दहाच्या आत तळ्यावर. सावलीचं झाड बघून सतरंज्या टाकायच्या, होडी चालू असली तर होडीत बसायचं, जेवण झालं की घटकाभर आडवं व्हायचं, मग गाण्याच्या भेंड्या. नवरे नकोत, सुना नकोत. कार्यक्रम ऐकून आमच्या शकुबाईनं तर नवी चप्पल घेतली.

आणि मी यादी टाकली. शकुबाई: धपाटे आणि शेंगाची चटणी. मंजुश्री: भज्जी आणि आंबट भात. विजयश्री: शेंगापोळ्या, दही. आणखी दोघी होत्या, त्यांच्याकडं भाकरी आणि खीर. इंदिराक्का: पत्रावळ्या, कागदी गिलास, पाण्याच्या बाटल्या.

त्याच दिवशी तिचा फोन आला. "विजू, मी सज्जकाच्या पोळ्या करावं म्हणते. रवा-गुळाच्या, आमच्या दुबलगुंडीला माझी माय करायची तशा. एकदा खाऊन तर बघा की माझ्या हातच्या."

"आगं बया!" मी म्हणले. "निरोप तुमचा आणि चुलीपुढं राबायचं तुमीच? काई नको. तुमी आपल्या पत्रावळ्या आणा."

ती मग म्हणली, "बरं. किती आणू?"

"वीस," मी म्हणले आणि फोन ठिवला. मला वाटलं, किती जीव लावते मी या बाईला.

दोन दिवस आधी, शुक्रवारी, मी रजिस्टर घेऊन तिच्या घरी गेले. डिसेंबरचं लिहून घ्यायचं होतं. दारातच गुळाचा आणि वेलदोड्याचा वास आला. इंदिराक्का पोळपाट-लाटणं मागायला शेजारी गेल्ती, तिच्याकडच्या पोळपाटाचा पाय मोडला होता. घरात प्रियंका होती, सुट्टीवर आलेली. "बसा मावशी," म्हणली आणि खुर्ची दिली. भितीवर बुद्धाची तसबीर, खाली तात्यारावचा फोटो. मी हजारदा बघितलेलं घर.

प्रियंकानं फ्रिज उघडला आणि थंड पेयाची काचंची बाटली आणली. माझ्यासमोर टेबलावर ठिवून टोपण काढलं आणि नळी टाकली. दर बारीला असंच असतं. मी म्हणले, "एवढ्या थंडीत कशाला गं हे? गॅसवर चहा ठिवलेला दिसतोय की."

प्रियंकाला नवल वाटलं. लेकरू वाईट न्हाई, तिला टोचून बोलायचंबी नव्हतं. ती साधं बोलून गेली, "मावशी, तुमी चहा घेत न्हाईत ना आमच्या घरचा. आईनं आमाला लहानपणीच सांगून ठिवलंय. विजाक्का आल्या की चहा इचारायचा न्हाई, त्यांना न्हाई म्हणायची पाळी येती. शिक्क्याची बाटली आणायची आणि त्यांच्यासमोर फोडायची. फ्रिजमधी तुमच्या नावाची एक असतीच. आमी हात लावला तर मार बसायचा."

मला काय झालं ते कसं सांगू! मी कवा म्हणले होते, मी तुमच्या घरचं खात न्हाई? कवाच न्हाई. 'आत्ताच पिऊन आले' म्हणायची. 'आज उपास हाय' म्हणायची. 'पोट बरं न्हाई' म्हणायची. पयल्या वर्षी चार-पाच बारी असं म्हणले असंल आणि ती समजली. मग बाटली सुरू झाली आणि मला काही म्हणायची गरजच राहिली न्हाई.

आणि मीटिंगचं? दर मीटिंगला डबे उघडायचो तवा इंदिराक्काकडं काय असायचं? केळी. बिस्किटाचे पुडे. पाण्याच्या बाटल्या. सगळं साल असलेलं न्हाईतर शिक्का असलेलं. यादी कोण करायचं? मी! येळवसच्या सणाला मी तिला आमच्या शेतात जेवायला बोलवायची, पंगतीत शेजारी बसवून भज्जी वाढायची आणि चार बायांत तोंड वर करून सांगायची, "आमच्यात तसलं काई न्हाई बरं." तिला खाऊ घालताना माझा हात कवा अडला न्हाई. तिच्या हातचं घ्यायची येळच मी येऊ दिली न्हाई, आणि हे माझं मलाच बावीस वर्षं कळू दिलं न्हाई.

तवाच म्हणायचं होतं, पोरी, तो चहा आण. ही तोंडाची एवढी मोठी बाई, आणि मी काय केलं? खाली मान घालून ती बाटली पिऊन टाकली. सगळी. इंदिराक्का आली, हात पुसून रजिस्टर लिहून दिलं. परातीत पोळ्यांचं सारण तसंच होतं. "घरच्यासाठी करायले," ती म्हणली, मी न इचारताच. मी "येते" म्हणून निघाले.

घरी आले तर चैन पडंना. माझीच मला किळस आली. आणि माझा स्वभाव असा, की जीव तळमळायला लागला की काहीतरी करून मोकळं व्हायचं. मोबाइल घेतला आणि ग्रुपवर टाकलं: यादीत बदल. पत्रावळ्या मी आणणार. इंदिराक्का सगळ्यांसाठी सज्जकाच्या पोळ्या करून आणणार, आपुन सगळ्यांनी पयला घास त्यांचाच घ्यायचा. कुणाला अडचण असंल तर आत्ताच सांगा.

खोटं बोलत न्हाई, अर्धा तास मला एकदम हलकं वाटलं. माझ्याच मोठेपणावर मी फुलले होते.

मग मंजुश्रीचं आलं: लेकराला ताप हाय, जमायचं न्हाई. बाकीच्या दोघींपैकी एकीचे पाव्हणे निघाले, एकीचा गुडघा दुखायला लागला. शकुबाईनं ग्रुपवर काही टाकलं न्हाई, मला फोन केला. "विजे, तुला काय भूत लागलं का गं?" म्हणली. "एवढी वर्षं तू बराबर सांभाळून घेत होतीस. आमी म्हणायचो, विजयश्री हाय म्हणून कुणाचं मन दुखत न्हाई आणि कुणाला काही खावंबी लागत न्हाई. आता कामून असं करायलीस?"

म्हणजे यांना माहीत होतं. यादी कशासाठी असती ते सगळ्यांना माहीत होतं. मी एकटीच म्हणायची की मला ठाऊक न्हाई. शकुबाई माझी तारीफ करायली होती आणि मला वाटलं धरणी फाटून आत घेईल तर बरं.

शनिवारी दुपारी मी अंबाजीला गाडी नको म्हणून कळवलं. संध्याकाळच्या आत इंदिराक्काचा फोन आला.

"गाडी रद्द केलीस व्हय?"

"येतंय कोण, अक्का? पण मला तुमच्याशी बोलायचंय. माझं चुकलं. बावीस वर्षं मी तुमच्या घरी..."

"थांब," ती म्हणली. "बावीस वर्षाचं मला सांगू नको. ती मी काढलीत."

तीच पुढं बोलायली.

"कुणाचा हात कुठवर येतो ते मला ठाव हाय, विजू. शकूचा, मंजूचा आणि तुझाबी. ते ठाव असूनच मला तुमच्यासंगं जायचं होतं. एवढी वर्षं तुमच्यासंगं काम केलं, मला दुसऱ्या मैतरणी कुठून येणार? पोळ्या काय, मी घरी खाते की. मला तुमच्या सगळ्यांसंगं तळ्यावर एक दिवस बसायचं होतं. तेवढंच मागितलं होतं मी."

"मला वाटलं अक्का, तुमाला बरं वाटंल."

"तुला वाटलं का बरं?"

काय सांगू तिला? अर्धा तास वाटलं होतं.

तिनं आवाज चढवला न्हाई. मेंबरच्या ओसरीवरबी चढवला नव्हता. "माझ्या नावापुढं पत्रावळ्या लिहिलीस तवा मला इचारलं न्हाईस," ती म्हणली. "पोळ्या लिहिलीस तवाबी न्हाई इचारलं."

फोन चालूच होता. मी काहीतरी म्हणीन म्हणून ती थांबली होती. शेवटी तीच म्हणली, "ठिव आता," आणि मी ठिवला.