गाडी कोल्हापूरला गेली आणि सुमन बोलायला लागली

या सदरातले अनुभव मी गेली कित्येक वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसायला मिळावं म्हणून वाचतोय. कुणाच्या स्वप्नात आजोबा आले, कुणाला बागेत हाक ऐकू आली... मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं मिळून लिहिणाऱ्याची टर उडवायचो. तेव्हा आता कुणाला माझी उडवायची असेल तर खुशाल उडवा. मी बत्तीस वर्षं तांत्रिक शाळेत मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतला. गाडी बंद पडली तर तिला कारण असतं, आणि ते सापडलं नाही तर शोधणारा आळशी, असं पोरांच्या कानीकपाळी ओरडत आलो. देवळात जायचो तो चपला सांभाळायला.

आम्ही रत्नागिरीत नाचणे रस्त्याला राहतो. खाली गाडीची शेड आणि वर दोन खोल्या, एवढंच घर. शेडमध्ये आमची विलायती गाडी असायची. दोन सीटची, उघडी, गडद हिरवी, तारांची चाकं... इंग्लंडात बनलेली, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी ती मुंबईतल्या एका म्हाताऱ्या पारशाकडून आणली, निम्मी टेम्पोवर लादून आणि निम्मी पोत्यांत भरून. घरात तेव्हा धड कपाट नव्हतं. सुमनने, म्हणजे बायकोने, आठ दिवस अबोला धरला आणि नवव्या दिवशी स्वतःच रॉकेलच्या डब्यात नट-बोल्ट धुवायला बसली.

चौतीस वर्षं ती गाडी आमच्याकडे होती. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकवणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. दर रविवारी चार वाजता भाट्याचा पूल ओलांडून किनाऱ्याने एक फेरी, आणि घरी आल्यावर चहाच्याही आधी गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवायचं. पावसाचे चार महिने चाकं जमिनीवर टेकू द्यायची नाहीत, खाली लाकडी ठोकळे. सुमन डाव्या सीटवर, डोक्याला रुमाल, मांडीवर पर्स. "अहो, हळू" हे तिचं पालुपद. ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडे ओढायची, आणि ते माझ्याआधी तिला कळायचं. तेवढा एक दोष मला कधी काढता आला नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी नवरात्रात तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील अशी आशा धरू नका. ती नुसती पडून असायची, छताकडे बघत. मी समोर उभा राहिलो तरी नजर माझ्यातून पलीकडे जायची. मूलबाळ नाही आम्हाला, घरात आवाज असायचा तो तिचाच. दवाखान्यात न्यायचं तर चार माणसांनी खुर्ची उचलून जिना उतरायचा. तिला खाली हलवणं भाग होतं, आणि खाली जागा एकच, गाडीची शेड. म्हणून मी गाडी विकायला काढली. गाडी की सुमन, असा प्रश्नच नव्हता... पण वाईट वाटलं नाही म्हणालो तर ते खोटं होईल.

घेणारा कोल्हापूरचा, विश्वजित नावाचा, पस्तिशीचा. आल्या आल्या चांगल्या पँटसह गाडीखाली आडवा झाला, तिथेच मला आवडला. "एक ठिपका गंज न्हाई की हो काका!" म्हणाला. ट्रकवर घालून नेण्याऐवजी तो ती चालवतच नेणार होता.

आदल्या दिवशी लांज्याकडच्या आमच्या गावातून चुलतभाऊ तुकारामचा फोन आला. "गाडी देतंस ती देवाला सांगितलास काय?"

आमच्या गावात नवीन काहीही घेतलं, बैल असो नाहीतर पंप, की ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाला सगळं बोलून सांगतो, बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. वस्तू दुसऱ्याला दिली तरी तसंच सांगून मोकळं व्हायचं असतं. मी म्हटलं, "अरे, आरटीओला सांगितलंय, देवाला वेगळं कशाला?" त्याने फोन ठेवून दिला. मी दुसऱ्या कामाला लागलो.

मार्गशीर्षातली सकाळ होती. दहा वाजता विश्वजित गाडी घेऊन गेला. मी शेड झाडली, जमिनीवरचे तेलाचे डाग खरवडले. बाराच्या सुमारास वरून जैनब ओरडली, "सर, वर या! भाभी बोलल्या!" जैनब राजिवड्याहून येते, सुमनचं सगळं तीच करते.

मी धावत वर गेलो. सुमनचे डोळे लख्ख उघडे होते, आणि चौदा महिन्यांनी तिचा आवाज माझ्या कानावर पडला. जरा घोगरा, पण तिचाच.

"डावीकडे ओढतेय हो."

मी तिचा हात धरून लहान पोरासारखा रडलो. ती आणखी बोलली. "केवढा गार वारा..." मग, "हळू." मी डॉक्टरांना फोन केला, शेजाऱ्यांना पेढे वाटले. तीन वाजल्यावर ती पुन्हा गप्प झाली. साडेतीनला विश्वजितचा फोन आला. "पोचलो बघा काका. बाराच्या दरम्यान आंबा घाटात होतो, काय गार वारं! ब्रेक मारला की जरा डावीकडं ओढते, तेवढं बघतो मी."

त्या दिवशी मी यावर फार विचार केला नाही. गाडी जाताना तिने खालून येणारा आवाज ऐकला असेल, त्यातून जुनं काही जागं झालं असेल. डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

आठ दिवसांत शेडची खोली झाली आणि सुमनचा पलंग खाली आला. आठवडाभर तिने तोंड उघडलं नाही. मग रविवारी सकाळी सातला सुरू झाली. "पुढे उसाची ट्रॉली आहे. ओव्हरटेक नका करू हो..." थोड्या वेळाने, "गुळाचा वास येतोय." आमच्या खोलीत तेव्हा फक्त डेटॉलचा वास होता. मी जैनबला म्हटलं, ती जे जे बोलेल ते कॅलेंडरच्या मागे वेळ घालून लिहायचं. वर्गात जॉबकार्ड भरून घ्यायचो, तशी ही सवय. दुपारी विश्वजितला सहज म्हणून फोन केला. तो म्हणाला, "सकाळी पन्हाळ्याच्या रस्त्याला गेलतो काका. उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो अर्धा तास. मग एका गुऱ्हाळावर थांबलो."

असे पाच रविवार गेले. पाचही वेळा मी कागद समोर धरून त्याला विचारलं, आणि पाचही वेळा जुळलं. एकदा ती "पाऊस आला, टप ओढा" म्हणाली. जानेवारी महिना! आणि त्या दिवशी तिकडे खरंच अवकाळी सर येऊन गेली होती.

मला याचा आनंद व्हायला हवा होता ना? झालाही, पहिले दोन रविवार. त्या तासाभरात तिचा चेहरा खुलायचा, हसायची सुद्धा. मी जवळ बसून म्हणायचो, "सुमन, मी इथे आहे गं." पण ती माझ्याशी बोलतच नव्हती. ते "अहो" मला नव्हतं... जो कोण स्टिअरिंगवर असेल त्याला होतं. चौतीस वर्षं तिने ज्या शब्दाने मला हाक मारली, तो ती एका परक्या माणसाला देत होती. सत्तरीला टेकलेल्या माणसाला असला मत्सर वाटावा याची लाज वाटते, पण वाटला. खूप वाटला.

एकदा विश्वजितला विचारलंच, "बाजूला कोण बसतं रे?"

"कोण न्हाई काका. बायकोला केस उडतात म्हणून आवडत न्हाई. पर एक सांगू? हसू नका. मी लई जोरात चालवणारा गडी. ह्या गाडीत बसलो की आपोआप हळू होतोय. स्पीडब्रेकर दिसायच्या आधीच पाय ब्रेकवर जातोय बघा."

मला हसू आलं नाही.

तुकारामचा तो फोन डोक्यातून जात नव्हता. मी जैनबला म्हटलं, गावी जाऊन येतो, यावर काहीतरी करायला हवं. ती सुमनचे केस विंचरत होती. "सर, राहू द्या ना. आठवड्यातून एक दिवस तरी भाभी खूश असतात. तुमचं काय जातंय?" तिचं ऐकायला हवं होतं. पण मला माझी बायको माझ्या घरात हवी होती.

सहाव्या रविवारी सकाळी मी तुकारामकडे पोचलो. सगळं ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "गाडी घेतलंस तवा माज्या बापाशीनं देवळात काय गाराणं घातलान ता आठवतंय तुला? गाडी आनि गाडीत बसनारी ही लक्षुमी, दोगींना एकत्र राख, एकीला दुसरीपासना तोडू नको, आसा म्हनलान. तू व्हय म्हाराजा म्हनलास. आनि देताना सोडवलास नाय."

मला यातलं अक्षर आठवत नव्हतं. तेव्हा माझं लक्ष बाहेर उभ्या केलेल्या गाडीकडे असणार.

देवळात गेल्यावर त्याने विचारलं, "काय मागू? नीट इचार करून सांग. तिकडं सुखात हाय तर मोकळी कर म्हनून मागूया काय?"

"नको," मी म्हटलं. "तिला घरी परत आण म्हणावं. माझ्याकडे."

तुकारामने नारळ ठेवला आणि तेच, तेवढंच मागितलं. मी हात जोडून मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हटलं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. सवयीने घड्याळ बघितलं म्हणून माहीत आहे.

साडेअकराला घरी आलो तर जैनब फाटकातच उभी होती, रडून डोळे लाल. सुमन सातपासून छान बोलत होती म्हणाली. नऊ वाजून दहा मिनिटांनी "अहो, इथे जरा थांबा, किती छान—" एवढं म्हणाली आणि वाक्य अर्धवट राहिलं. मग तिने मान वळवून सगळी खोली बघितली. भिंती, सलाइनचा स्टँड, चाकाची खुर्ची. स्वतःचा वाकडा झालेला हात बराच वेळ बघितला. आणि तोंडातून एक आवाज काढला. जैनब म्हणाली, "सर, तसा आवाज मला परत ऐकवणार नाही."

मी आत गेलो. सुमनने माझ्याकडे बघितलं. माझ्यातून पलीकडे नाही, माझ्याकडे. पंधरा-सोळा महिन्यांत पहिल्यांदा तिने मला ओळखलं, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्यानंतर ती एक अक्षर बोललेली नाही. विश्वजित दर रविवारी गाडी काढतो, लांब लांब जातो. इथे काही होत नाही. आधी ती नुसती पडून होती, कुठे आहोत याचा तिला पत्ता नव्हता. आता सगळं कळतं तिला. कूस बदलताना लाज वाटते, जैनब घास भरवते तेव्हा डोळे मिटून घेते. मी आलो की तोंड भिंतीकडे करते. तेवढं तिला करता येतं.

मी तुकारामच्या पाया पडलो. म्हटलं, उलटं गाऱ्हाणं घाल, तिला परत तिकडे जाऊ दे. त्याने पाय मागे घेतले. "मानूस घरात हाय. त्याला घरातना काड म्हनून मी देवाला कसा सांगू? त्याचा आर्थ काय व्हतो ता तुला कळतंय ना? माज्या तोंडानं नाय व्हयाचा." गाडी परत विकत मागावी, तर ती ठेवायची कुठे आणि हातात धरायची कुणी? माझे हात आता थरथरतात. आणि गाडी दारात आली म्हणून काही फरक पडेल, असंही मला वाटत नाही.

याला शास्त्रात काही नाव असेल तर कुणी डॉक्टरांनी कळवावं. मी माझ्या परीने सगळं उलटसुलट करून तपासलं. जैनबने वेळा घालून लिहिलेले सहा कागद माझ्याकडे आहेत, कुणाला बघायचे असतील तर दाखवीन. मला काही उलगडा झालेला नाही, आणि आता होऊन उपयोगही नाही.

जैनबने हल्ली तिला खुणेने बोलायला शिकवलंय. हो असेल तर डोळे एकदा घट्ट मिटायचे, नाही असेल तर दोनदा. पाणी हवं का, पंखा लावू का, असं चालतं. काल सकाळी मी तिच्याजवळ बसलो आणि विचारलं, "सुमन, मी तुला इकडे आणलं... चुकलं का गं माझं?"

तिने भिंतीकडून मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि डोळे एकदा घट्ट मिटले.

दुसऱ्यांदा मिटेल म्हणून मी दुपारपर्यंत तिथेच बसून होतो.