आईच्या आंघोळीचं पाणी

आमच्या छापखान्यात त्यांना सगळे शाईमामा म्हणतात. तीस वर्षं एकाच मशीनवर काढली, त्यामुळं नखांच्या कडांना काळी रेघ कायमची बसलेली. मी शेजारच्या टेबलावर बाइंडिंग करतो. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकाच बाकावर डबे उघडतो, म्हणून त्यांच्या घरातलं मला कळत गेलं. सुरुवातीला तर आम्ही त्यावर हसायचो.

घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. शाईमामा, मामी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि मामांची आई. आईनं आयुष्यभर बाळंतिणींच्या दवाखान्यात आयाची नोकरी केली. ड्यूटीवरून आली की चपला दाराशी टाकून सरळ न्हाणीघरात. "दवाखान्यातून आलेय, शिवू नका मला," हे तिचं रोजचं वाक्य. आंघोळ झाल्याशिवाय तिनं मामांना कधी जवळ घेतलं नाही. मामा सांगायचे, लहानपणी ते न्हाणीघराच्या दाराबाहेर बसून आत अंगावर ओतले जाणारे तांबे मोजत.

नोकरी सुटून वीस वर्षं झाली. गेली दोन वर्षं तिचं डोकं साथ देईना. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे, सुनेला ती नर्सबाई म्हणायची. ड्यूटी मात्र पक्की डोक्यात बसलेली. दिवसातून तीन-चार वेळा ती खुर्चीतून उठे, टॉवेल खांद्यावर टाकी आणि न्हाणीघराकडे निघे. पाणी होतं तोवर कुणी अडवलं नाही. म्हातारं माणूस, करू दे तिच्या मनासारखं.

त्या वर्षी तलाव तळाला गेला आणि नळाला पाणी पाच दिवसांतून एकदा यायला लागलं, तेही पाऊण तास. करंगळीएवढी धार. त्यात दोन पिंपं, सात बादल्या आणि स्वयंपाकघरातली होती नव्हती ती सगळी भांडी भरायची. मामी बेकरीत पॅकिंगला जातात, हिशेबी बाई. त्यांनी भिंतीवर कागदच चिकटवला. पाणी येईल त्या दिवशी प्रत्येकाला अर्धी बादली आंघोळ. मधले चार दिवस ओल्या फडक्यानं अंग पुसायचं. आंघोळ टबात बसून करायची आणि टबात साठलेलं पाणी संडासात वापरायचं. केस धुणं पंधरा दिवसांनी. मुलीनं त्याच दिवशी जाऊन केस कानापर्यंत कापून आणले.

"आमच्या घरी आता पावडरचा खप वाढलाय," मामा डबा उघडताना म्हणायचे. "मुलगी वर्गात शेवटच्या बाकावर बसते. म्हणते, बाबा, सगळेच तिथं बसायला बघतात!"

आम्ही पोट धरून हसायचो. छापखान्यात शाईच्या वासात कुणाचा वास कुणाला कळत नव्हता, ते एक बरं होतं.

आईला मात्र कागद कसा समजावणार?

"आई, तुझी आंघोळ काल झालीय."

"कधी? मी तर आत्ता आले ड्यूटीवरून."

"आता ड्यूटी नाहीये गं. नोकरी सुटली तुझी."

"सुटली? मग मला कुणी सांगितलं कसं नाही?" ती खरंच घाबरायची. मग दोन मिनिटांनी पुन्हा टॉवेल खांद्यावर.

मामांनी नाना उपाय केले. आंघोळ झाली की कॅलेंडरवर तिच्याच हातानं सही घेतली. ती सही बघून म्हणाली, "ही माझी नव्हे, त्या दुसऱ्या पाळीतल्या बाईची असेल." तिचेच ओले केस तिच्या हातात दिले, तर म्हणाली, "घाम आलाय किती, म्हणून तर आंघोळ म्हणतेय." शेवटी पिंपांची झाकणं दोरीनं बांधली आणि न्हाणीघराला कडी घालून वर कुलूप लावलं. तेव्हापासून आई कुलपासमोर जमिनीवर बसून राहायची. शेजारपाजारचे दारातून बघायचे. मुलगी जवळ गेली तर ती हात मागं घ्यायची. "नको बाळा, लांब राहा. माझी आंघोळ व्हायचीय."

बाकावर बसून मामा आता विनोद करत नव्हते. एकदा अर्धी पोळी हातात धरून तसेच बसले. म्हणाले, "चोवीस तासांत चाळीस वेळा तेच. मी तिचा मुलगा आहे की पहारेकरी, काही समजत नाही."

मग तो दिवस आला. आदल्या दिवशीच पाणी येऊन गेलं होतं, सगळं काठोकाठ भरलेलं. दुपारी आमच्याकडची वीज गेली आणि मालकांनी सगळ्यांना घरी सोडलं. मामी बेकरीत, मुलगी परीक्षेला. तास-दोन तास शेजारच्या शिंपीणबाई आईकडं लक्ष ठेवायच्या, त्यांचा नेमका डोळा लागला. सकाळच्या घाईत न्हाणीघराचं कुलूप लावायचं राहून गेलं होतं.

मामा तिसऱ्या मजल्यावर पोचले तेव्हाच जिन्यावरून पाणी उतरत होतं. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ बादली घेऊन पायरीशी उभे, डोळे लाल. "लोकांच्या घशाला कोरड आणि तुमच्याकडं ओसंडून वाहतंय!" मामा तसेच वर धावले.

आईनं दोरी कात्रीनं कापली होती. एक पिंप उताणं पडलेलं, दुसऱ्याच्या तळाशी वीतभर पाणी, बादल्या-भांडी सगळी रिकामी. खोलीभर पाणी, गाद्या भिजलेल्या. आणि ती मधोमध उभी, कपड्यांसकट नखशिखांत ओली, चेहरा कसा लख्ख. मामांना बघून तिनं दोन्ही हात पुढं केले.

"झाली रे आंघोळ. ये आता जवळ."

पुढं काय झालं ते सांगताना मामा माझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी तिचे दंड धरले आणि गदागदा हलवलं. "जीव घेणार आहेस का आमचा? चार दिवस काय प्यायचं? पाण्याला परत हात लावलास तर बघ! थेंबाला शिवायचं नाही! ऐकलंस? थेंबाला!" आवाज सगळ्या इमारतीत गेला. शिंपीणबाई धावत आल्या, त्यांनीच मामांचे हात सोडवले. आईच्या दोन्ही दंडांवर शाईची काळी बोटं उमटली होती.

मग मामा गुडघ्यांवर बसले आणि फरशीवरचं पाणी फडक्यानं टिपून बादलीत पिळायला लागले. मामी आल्या, त्याही पदर खोचून बसल्या. मुलगी आली, तीही. संध्याकाळपर्यंत साडेतीन बादल्या गढूळ पाणी जमलं. ते संडासापुरतं झालं. पिण्याचं पाणी मुलगी घरोघर हात पसरून आणायची, एकीकडून तांब्या, दुसरीकडून बाटली. काहींनी दार उघडलंच नाही, आणि त्यांनाही काय बोलणार?

आई गप्प झाली होती. टॉवेल मागत नव्हती, उठत नव्हती. मामांना वाटलं, बरं झालं, विसरली. पाचव्या दिवशी पाणी आलं. मामांनी स्वतः बादली भरली, स्टोव्हवर कोमट केली आणि तिच्याजवळ बसले.

"चल आई, आंघोळ करू. आज सबंध बादली तुझी."

ती भिंतीला चिकटली. "नको. पाणी संपेल."

"नाही संपत. आजच आलंय."

"नको साहेब. मी नाही हात लावला."

साहेब. मुलाला ती साहेब म्हणाली. सगळं विसरणारी बाई, तेवढं मात्र विसरली नाही.

आंघोळीचं राहिलंच, पण दुसऱ्या दिवशी मामांनी प्यायला पेला दिला तर तिनं ओठ घट्ट मिटले. सुनेच्या हातून दोन घोट घ्यायची, मामा खोलीत आले की तोंडातलं पाणी परत पेल्यात सोडायची. तिसऱ्या दिवशी तिची जीभ लाकडासारखी झाली, बोलणं बरळल्यासारखं. मामा तिला पाठीवर घेऊन चार जिने उतरले आणि दवाखान्यात गेले. त्या तीन दिवसांत ते कामावर आले नव्हते. मी दवाखान्यात गेलो, तर ते वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून उभे होते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी का पीत नाहीत या?"

"मी मारलं," मामा म्हणाले. मग म्हणाले, "मारलं नाही. पण मारल्यातच जमा."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, तेच मामांना जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "यांना प्रसंग आठवत नसेल. भीती तेवढी राहते. तुम्ही थोडे दिवस लांबून बघा."

सलाइन लावलं. सकाळी दोन नर्सनी पडदा ओढून तिचं अंग पुसलं. पडद्याआडून आईचा आवाज आला, "बाळाचं डोकं नीट धर गं, मान सांभाळ." मामा बाहेरच्या बाकावर खाली मान घालून बसले होते. मी शेजारी बसलो.

आठवड्यानं तिला घरी आणलं. पुढं दोन महिन्यांत तलाव भरला, नळाला रोज पाणी आलं, मामींनी भिंतीवरचा कागद फाडला. आईची आंघोळ आता नात घालते, रविवारी आणि गुरुवारी. मामा घरात असले की ती टबात पाय घालत नाही. त्यांचा आवाज ऐकला तरी उठून कोपऱ्यात जाते. म्हणून त्या वेळी मामा खाली उतरतात.

परवा मी त्यांच्याकडं गेलो, तर ते इमारतीच्या मागच्या बाजूला, सांडपाण्याच्या नळाजवळ उभे होते. चौथ्या मजल्यापासून भिंतीला धरून खाली आलेला तो नळ, खाली गटारात तोंड उघडं.

"थांब जरा," ते म्हणाले. "अजून आलं नाही."

आम्ही उभे राहिलो. थोड्या वेळानं नळात घरघर झाली आणि साबणाचं पांढुरकं पाणी भसाभसा गटारात पडायला लागलं. मामा ते संपेपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "झाली. पण अजून पाच मिनिटं जाऊ दे. केस पुसायचे असतात तिचे."