टिकलीवाल्या कॅसेटी

कॅसेटमामूच्या उजव्या अंगठ्याला रेषाच नव्हत्या. मी थापा मारतोय असं वाटत असेल तर वाटू द्या, आमच्या गल्लीत माझी ख्याती तीच आहे. पण रेशन दुकानातल्या मशीनवर मामूचा थम लागेना, तेव्हा मी रांगेत त्याच्या मागंच उभा होतो. दुकानदारानं अंगठा पुसायला लावला, थुंकी लावायला लावली, शेवटी केसांवर घासायला लावला. मशीनचं एकच म्हणणं, असा माणूसच नाही. मामू शांतपणे म्हणाला, "बराबर हाय. अंगठा हाय कुठं? मोबाईलनं खाल्ला." आणि दुसऱ्या हातानं मोबाईल काढून उभ्याउभ्या पुन्हा सरकवायला लागला.

लोक मोबाईलवर सोयाबीनचा भाव बघतात, पोरं रील बघतात. मामू बघायचा जुनी पुस्तकं आणि जुने सिनेमे विकायला काढलेली पानं. देशात जिथं कुठं कुणी माळा साफ करून फोटो टाकेल, तिथं मामू हजर. लातूरच्या कोचिंगच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्याला लागून त्याचं. मध्ये प्लायवूडची भिंत, एवढी पातळ की मामूला ठसका लागला की माझ्या मशीनमध्ये कागद अडकायचा. त्या भिंतीपलीकडून आवाज यायचा, "ऐक रे झेरॉक्स. शेळीपालनाचं पुस्तक, एक पान फाटलेलं. सोबत रांगोळीचं पुस्तक, भुताच्या सिनेमाच्या कॅसेटी आनि भजनाची एक. सगळं एकदम घ्यावं लागंल म्हनतो. आता बोल, शेळ्या पाळनारा मानूस भुताला भिऊन भजन म्हनत आसंल का न्हाई?"

एवढ्याशा ढिगाऱ्यावरून तो अख्खं घर उभं करायचा. "ह्या घरातलं म्हातारं गेलंय. पोरं बाहेरगावी. बायको आधीच गेली, न्हाईतर रांगोळीचं पुस्तक इकू दिलं नसतं." मी म्हणायचो, मामू, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं. तो म्हणायचा, "पोलीस एक चोर धरून घरी जातो. मला तसं जमत न्हाई."

फोटो मोठा करून तो एकच गोष्ट शोधायचा. कॅसेटच्या पाठीवर लाल टिकली. त्याची कॅसेट लायब्ररी होती तेव्हा शेजारच्या बांगडीवाल्याकडून तो टिकल्यांची पाकिटं घ्यायचा आणि दुकानातल्या प्रत्येक कॅसेटला एकेक लावायचा. मुसलमानाच्या दुकानात टिकल्या कशाला, असं कुणी खवचटपणे विचारलं, की म्हणायचा, "कुंकू लावलं म्हंजे आमच्या घरची. दुसऱ्याच्या घरात दिसली तर लांबूनच वळखू येती." टिकली उडून गेली असली तर तो डिंकाचा डाग शोधायचा. त्या डागासाठी त्याचा अंगठा गेला.

झालं होतं असं. लायब्ररीच्या दिवसांत मामू औसा, निलंग्याच्या खेड्यांतून लग्नाचं शूटिंगही करायचा. मामूचं शूटिंग म्हणजे नवरा-नवरी थोडी आणि पंगत फार, कारण कॅमेरामनला भूक लागलेली असायची. एक प्रत लग्नघरी द्यायची आणि अस्सल कॅसेट दुकानात. कोरी कॅसेट महाग. म्हणून लग्नसराई ओसरली की त्याच अस्सलवर सिनेमा चढवायचा. या धंद्यात सगळेच तसं करायचे. घरी प्रत आहेच, मग अस्सल जपून करायचं काय? पण सिनेमा आखूड, लग्न लांब. सिनेमा संपला की पडदा थरथरायचा आणि कुणाची तरी पंगत बसायची. एका गावात खलनायकाला फाशी झाल्याबरोबर बुंदी वाढायला लागलेली बघून लोकांनी शिट्ट्या मारल्या म्हणे. अशा वापरून झालेल्या कॅसेटी मामू गठ्ठ्यानं नांदेडच्या एका व्यापाऱ्याला विकायचा.

मग त्र्याण्णव साली गणपती विसर्जन झालं आणि त्याच रात्री, पहाटे पहाटे जमीन हलली. त्या पहाटेबद्दल मी काही फुगवून सांगणार नाही. फुगवायला तिथं जागाच नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी चंद्राक्का दुकानात आली. तिच्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या जागी आता गाव नाही, बाभळी आहेत. कपाळ मोकळं, नखं दगड उपसून गेलेली. तिची एकुलती लेक सुमन, त्याच उन्हाळ्यात लग्न झालेली, गौरी-गणपतीला माहेरी आली होती. माय तेवढी ओसरीत झोपली होती म्हणून राहिली. बाप आणि लेक आत, दगडमातीच्या भिंतींखाली.

"लेकीचा एक फोटू न्हाई वो मामू," चंद्राक्का म्हणाली. "शूटिंग हाय म्हनून फोटू काढलेच न्हाईत. कॅसेट घरासंगं गेली. तुमच्याकडं अस्सल आसती म्हनं. तेवढी दावा."

त्याच्या जागी मी असतो तर शोधतो म्हणून सांगून वेळ मारून नेली असती. मामूला ते जमलं नाही. पावसाळ्यात त्यावर सिनेमा चढवला आणि कॅसेट नांदेडला गेली, असं त्यानं तिच्या तोंडावर सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. "समदं पुसलं?" एवढंच विचारलं.

"शेवटची पंगत ऱ्हायली आसंल, अक्का," मामू म्हणाला.

त्या 'आसंल'वर मामूनं उरलेलं आयुष्य काढलं. दुसऱ्याच दिवशी तो नांदेडला गेला. व्यापाऱ्यानं माल कधीच पुढं वाटून टाकलेला, काही उमरीच्या बाजारात, काही माहूरच्या यात्रेतल्या दुकानांना, काही हैदराबादेला. कुठलं लग्न कुठल्या सिनेमाखाली गेलं, तेही मामूला आठवेना. म्हणजे टिकलीवाली प्रत्येक कॅसेट बघणं आलं. जत्रा, रद्दीवाले, भंगारवाले, सगळं पालथं घालून झालं आणि मग हातात मोबाईल आला.

तोवर लातुरात कोचिंगच्या पोरांचं पीक आलं होतं. ज्या घरात एक माणूस झोपायचा तिथं सहा पोरं निजायला लागली. झोपेत कूस बदलायची तर सहाही जणांनी एकदम बदलायची, असा नियम होता म्हणे. मामूही पोटासाठी गाईड विकायला लागला. पण विकणारे लोक कॅसेटीबरोबर अख्खा ढीग गळ्यात मारायचे. त्यातली कथा-कादंबरीची पुस्तकं मामू गाईडबरोबर पोरांना फुकट द्यायचा. एकदा देवणीकडचा एक बाप तणतणत आला.

"चाचा, पोराला हे गोष्टीचं पुस्तक तुम्ही दिलं?"

"हाव. दिलं की."

"मी त्याला डॉक्टर व्हायला पाठवलंय हितं. एक मार्क गेला तर तुम्ही भरून देणार का?"

"मार्काचं काय सांगता येत न्हाई," मामू म्हणाला. "पोरगं रात्रीचं जेवतंय का, ते इचारलं का तुमी?"

बाप पुस्तक काउंटरवर टाकून गेला. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका खोलीतून एका पोराला चादरीत घालून खाली आणलं. ते देवणीचं नव्हतं, दुसरंच होतं. मामूनं त्या दिवशी दुकान उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ह्याचे फोटो तरी आसतील माय-बापाजवळ."

चंद्राक्का बाजाराला आली की दुकानात टेकायची, चहा प्यायची. कॅसेटचं विचारायची नाही. मामूच आपणहून सांगायचा, या महिन्यात कुठं कुठं बघून झालं ते. दोघं असं बोलायची, जणू परगावी राहणाऱ्या पोरीची ख्यालीखुशाली चालली आहे.

एकदा खरंच टिकली सापडली. पार्सल आलं त्या दिवशी मामूनं दाढी केली. अक्काला निरोप गेला. मामूच्या जुन्या व्हीसीआरवर सिनेमा आम्ही भराभर पुढं पळवला, टीव्हीचा पडदा थरथरला आणि पंगत बसली. मामूनं पंगतीतले दोन चेहरे बघितले आणि म्हणाला, "हे आपलं न्हाई, अक्का. दुसऱ्याचं हाय. बंद करतो."

"ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाली आणि पडद्याजवळ सरकली. "ही आमच्या पलीकडच्या गावची. गेली. ही बी गेली. ह्यो वाढपी, पाटलाचा धाकला, गेला. ह्ये चड्डीवालं प्वार हाय. पुण्याला आसतंय." शेवटचा माणूस उठून हात धुवेपर्यंत ती बोट दाखवत राहिली. मग म्हणाली, "त्या प्वाराला द्या पाठवून. त्याची माय हाय ह्यात." मामूनं पत्ता काढून कॅसेट पुण्याला पाठवली. घरी जाऊन झोपला, तो दोन दिवस उठला नाही.

मामूच्या फुप्फुसाचं दुखणं वाढलं तेव्हा नांदेडला असणाऱ्या त्याच्या लेकीनं त्याला तिकडं नेलं. मी दवाखान्यात भेटायला गेलो. नाकात नळी, छातीवर मोबाईल. "एक गठ्ठा मागवलाय," तो म्हणाला, "दुकानाच्या पत्त्यावर येईल. पुस्तकं पोरांना वाट. कॅसेट तू एकटा बघू नको. अक्काला बलिव." मी म्हणालो, तुम्हीच बघा की येऊन. तो हसला. हसणं खोकल्यात गेलं आणि नर्सनं मला बाहेर काढलं. तीच शेवटची भेट. मातीला गेलो तेव्हा नांदेडात एवढं ऊन होतं की खांदा देणाऱ्यांच्या चपला डांबराला चिकटून मागं राहत होत्या. हे खोटं वाटलं तरी चालेल.

पार्सल नंतर आलं. स्वयंपाकाची दोन पुस्तकं, एक वाराणसीचा नकाशा आणि टिकलीवाली एक कॅसेट. मी चंद्राक्काला बोलावलं. ती मामूच्या खुर्चीत बसली नाही, खाली फरशीवर बसली. सिनेमा मी पळवला नाही, का कोण जाणे. मारामाऱ्या झाल्या, गाणी झाली, नायकाची आई त्याला भेटली. मग पडदा थरथरला.

पंगत बसली नाही. मामूनं सिनेमा चढवताना तो संपल्यावरही मशीन तसंच चालू राहिलं असणार, आणि लग्नाचा शेवटही पुसला गेला होता. पडद्यावर नुसत्या मुंग्या. पांढऱ्या-काळ्या, सरसर सरसर. मी बंद करायला उठलो.

"थांब," अक्का म्हणाली. मग पुढं वाकून पडद्यावर तळहात ठेवला.

"हिच्या खाली लगीन हाय न्हवं कुनाचं तरी?"

"हाव," मी म्हणालो. "खाली हाय."

"सुमीचं आसंल?"

मी तिच्या शेजारी फरशीवर बसलो.

"आसंल, अक्का."

"मग ऱ्हाऊ दे चालू," ती म्हणाली.