सतरा बटणं आणि दोन बाह्या

माझ्या मुलीचा छंद मी हैदराबादेत, एका रविवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी संपवला. कामाला चार मिनिटं लागली.

आम्ही मूळचे औशाचे. भूकंप झाला तेव्हा मी दहावीत होतो. घर पडलं नाही, पण आम्ही पुढचं दीड वर्ष अंगणात पत्र्याखाली काढलं आणि तेव्हापासून आमच्या घराण्यात तळमजल्याच्या वर कोणी मुक्काम करत नाही. (माझ्या चुलतभावाचं लग्न मुलीकडचे तिसऱ्या मजल्यावर राहतात म्हणून मोडता मोडता राहिलं.) पुढे मी बांधकाम खात्यात मोजमापं लिहायला लागलो आणि मुक्ताच्या अकरावीसाठी आम्ही लातुरात आलो. तळमजल्यावरच. आमच्या गल्लीत चौदा घरं. त्यात नऊ होस्टेलं, तीन क्लास, एक खाणावळ आणि आम्ही.

मुक्ताला जपानी चित्रकथांचं वेड. हैदराबादला असल्या चाहत्यांचं दोन दिवसांचं संमेलन भरतं, आवडत्या पात्राचा वेश करून लोक येतात आणि रविवारी वेशभूषेची स्पर्धा असते, हे तिनं मला अकरावीतच सांगून ठेवलं होतं. मी म्हणालो, क्लासच्या टेस्टमध्ये पहिल्या पन्नासात ये, मग नेतो. आठशे पोरांत ती तोवर पहिल्या दोनशेतही कधी आली नव्हती, म्हणून मी निर्धास्त होतो. ती सत्तेचाळिसावी आली.

शब्द दिला होता. शिवाय दोन वर्षांत पोरीनं मागितलेली ही एकच गोष्ट. ना सिनेमा, ना सहल, ना वाढदिवस.

वेश एका समुद्री कप्तानाचा होता. लांब निळा झगा, पुढे पितळेची सतरा बटणं, मनगटापर्यंत बाह्या. शिवला पलीकडच्या गल्लीतल्या रफीकभाईंनी. त्यांचं तीन पिढ्यांचं टेलरिंगचं दुकान, पण मुक्तानं काढून दिलेला नकाशा पाहून ते माझ्याकडे आले होते. "साहेब, तुमची पोरगी डॉक्टर बनून काय करणार? माझ्या दुकानात द्या." मी हसलो. ते हसत नव्हते. मग मुक्तानं दोन्ही बाह्यांवर खांद्यापासून मनगटापर्यंत रंगानं लाटा काढल्या. रोज अभ्यास झाल्यावर एक, असं आठ महिने. एकूण दोनशे चाळीस. मी मोजल्या होत्या.

प्रवासाचं नियोजन मी हाती घेतलं. तीन पानी तक्ता केला. त्यात बिदरला चहा होता, लघवीला थांबे होते आणि रविवारी सकाळी आठ ते आठ-दहा 'सामानाची अंतिम तपासणी' होती. मुक्तानं सभागृहासमोरचंच एक लॉज शोधलं होतं, पण खोली चौथ्या मजल्यावर. मी ते खोडलं. तळमजल्याची खोली मिळाली ती बावीस किलोमीटर अलीकडे.

शनिवार तक्त्याप्रमाणे गेला. म्हणजे प्रवासात गेला.

रविवारी मुक्ता आंघोळीला गेली आणि मी प्रवेशाचे नियम पुन्हा वाचले. त्यात लिहिलं होतं: दारावर तपासणी होईल, धोकादायक वस्तू आणू नयेत. लातुरात राहणाऱ्या माणसानं हे वाक्य वाचलं की तो आधी पोरांच्या बाह्या बघतो. मेडिकलच्या परीक्षेला दारावर काय होतं ते आमच्या गल्लीला पाठ आहे. पूर्ण बाह्या चालत नाहीत. धातूचं बटण चालत नाही. आदल्याच वर्षी शेजारच्या होस्टेलातल्या एका मुलीला बाह्यांपायी दारात अडवलं, आईनं दातांनी उसवेपर्यंत फाटक बंद झालं आणि तिचं वर्ष गेलं. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक बाप परीक्षेला निघताना खिशात कात्री ठेवतो. मीही आणली होती.

मी आधी बटणं काढली. सतरा. मग बाही कोपरावर दुमडून पाहिली. बायको, सुनंदा, वेणी घालता घालता म्हणाली, "आवं, तिला इचारा तरी."

"ती येईस्तोवर आठ-वीस होतील," मी म्हणालो. तक्त्यात इचारायला वेळच ठेवलेला नव्हता.

दोन्ही बाह्या कापल्या. वरच्या बाजूला एकशे दहा लाटा शिल्लक राहत होत्या. जवळजवळ सेहेचाळीस टक्के. पास व्हायला पस्तीस पुरतात.

मुक्ता केस पुसत बाहेर आली. तिनं झगा पाहिला, पलंगावर पडलेले बाह्यांचे तुकडे पाहिले, माझ्या हातातली कात्री पाहिली. मला वाटलं, रडेल. मी समजूत घालायला तयार होतो, मुद्दे चार होते. ती इतकंच म्हणाली, "पप्पा, ते परीक्षेला असतंय."

बटणं सुनंदानं रुमालात बांधली, रिक्षात बसून सुईदोरा ओवायचा प्रयत्न केला आणि दोनदा बोट टोचून घेतलं. हजेरी साडेदहाची. बावीस किलोमीटरला मी पावणेदोन तास धरले होते. लागले सव्वादोन. आम्ही पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते आणि मी धावत दारावर जाऊन उशिराबद्दल हात जोडले. तिथला पोरगा म्हणाला, "अंकल, टेन्शन नक्को. दोपहर तक आ सकते."

आमच्या पुढे एक माणूस उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत पत्र्याचं चिलखत. आमच्या औशाच्या शेडला इतका पत्रा नव्हता! त्याला सोडलं. त्याच्यामागे एकाच्या बाह्या इतक्या लांब की दोघी जणी त्या उचलून चालत होत्या. त्यांनाही सोडलं. एक जण तर तलवार घेऊन आला. (लाकडाची होती. पहारेकऱ्यानं हातात घेऊन तिचं कौतुक केलं.) मग आमची तपासणी झाली आणि आमच्याकडे एक धोकादायक वस्तू सापडली. कात्री. ती ठेवून घेतली.

आता दुरुस्ती माझ्याकडूनच व्हायला हवी होती. खात्यात चूक झाली की ती अर्जानं दुरुस्त होते, म्हणून मी कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला. 'विषय : पालकाच्या चुकीमुळे बाह्या कमी झाल्याबाबत.' मूळ लांबी, कापलेली लांबी, लाटांची मूळ संख्या, शिल्लक संख्या, सगळं नमूद केलं आणि मार्क त्या हिशेबानं द्यावेत अशी विनंती केली. स्पर्धेच्या टेबलावरच्या मुलीला मराठी येत नव्हतं. त्यामुळे माझा अर्ज मुक्तानंच हिंदीत करून तिला वाचून दाखवला. सगळा. आकड्यांसकट. एखाद्या तिऱ्हाईताचं प्रकरण असावं तसा.

त्या मुलीनं झग्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ये लहरें तुमने बनाईं? ऐसे ही जाओ ना स्टेजपर."

"नको," मुक्ता मराठीत म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आता हे युनिफॉर्मसारखं दिसायलंय, पप्पा."

स्पर्धा आम्ही खुर्च्यांवर बसून पाहिली. झगा तिच्या मांडीवर घडी करून ठेवलेला होता. एकतीस जण मंचावर आले. कोणीही परीक्षेला बसल्यासारखं दिसत नव्हतं.

लातुरात परतल्यावर मुक्तानं रंगाच्या बाटल्या खाणावळीच्या पोरीला देऊन टाकल्या. पुढच्या टेस्टला ती तिसरी आली. क्लासनं चौकात तिचा फोटो लावला. मला पालकांच्या सभेत बोलावलं आणि 'मुलांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून काय करावं' यावर वीस मिनिटं बोलायला सांगितलं. मी बोललो. लोकांनी वह्यांत उतरवून घेतलं. रफीकभाई मात्र तेव्हापासून माझं माप घेताना टेपकडेच बघतात, वर बघत नाहीत.

आता ती मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला आली होती. दोन वर्षं घशाशी आलेलं एक वाक्य होतं, ते बोलायचं असं मी ठरवलं होतं. सुरुवात कुठून करावी म्हणून विचारलं, "चित्रं काढतेस का गं कधी?"

"काढते की. हृदय, मूत्रपिंड, हाताच्या शिरा," ती म्हणाली. "आकृत्यांना चांगले मार्क देतात."

हीच वेळ होती. मी घसा खाकरला, तिच्याकडे पाहिलं, आणि तोंडातून निघालं,

"कितीपैकी?"