विहिरीतून निघाली कशी?

माझ्या मोठ्या मामांइतका रागीट माणूस रायपुरात दुसरा नाही, आणि पार अभनपुरापर्यंत शोधला तरी मिळायचा नाही. रेल्वेतून मामा निवृत्त झाले, त्यांचा राग मात्र अजून ड्युटीवर आहे. गुढियारीतल्या घरामागे मालगाडी थांबली की तिला "काहून थांबली वं?" म्हणून खडसावतात, आणि ती हलली की हलल्याबद्दल चिडतात. मामी म्हणते, "यायले सकाळी चहासंग कोनीतरी भांडाले पाहिजे, नाहीतर दिवस उगवत नाही."

लग्नाला तर त्यांना नेऊच नये. हार पडले, अक्षता उडाल्या, की मामा नवरदेवावर गरजतात, "लग्न त सगळ्याईचंच होते बे! विहिरीतून निघाली कशी, ते सांग!" बिचाऱ्याला वाटतं, नवरीबद्दल आपल्यापासून काहीतरी लपवलंय.

या वाक्याचं मूळ माझ्या आजीत, म्हणजे मामांच्या आईत आहे. ती लहान असताना गावात तंबूतला मूकपट आला होता, दर शनिवारी एक भाग. घोडा फेकत, तलवार चालवत जाणारी एक पोरगी. शेवटून दुसऱ्या भागात दरोडेखोरांनी तिला विहिरीत ढकललं, आणि पुढच्या शनिवारी आजीला गोवर निघाला. तिचा भाऊ तेवढा शेवट बघून आला. म्हणाला, "काही नाही, लग्न झालं तिचं." आजी मरेपर्यंत विचारत राहिली, आणि शोधून सांगतो, असा शब्द मामांनी तिला दिला. खरं सांगू? मलाही संताप येतो. गोवराचा नव्हे, अख्खी विहीर विसरून लग्न तेवढं लक्षात ठेवणाऱ्या त्या भावाचा. बाईची गोष्ट आमच्याकडे अजूनही अशीच सांगतात.

शब्दाखातर मामा जुन्या सिनेमांच्या एका संग्रहालयापर्यंत जाऊन आले. तिथले साहेब म्हणाले, "काका, त्या मालिकेचा तुकडाही उरला नाही. चांदी काढायला जुनी रिळं वितळवायचे." मामांनी टेबलावर हात आपटला. "अरे, वितळवाच्या आधी कोनी पाहून त घ्याचं होतं!" तेव्हापासून चांदीशी त्यांचं वैर. सराफाच्या दुकानासमोर उभे राहून भांडतात. मामीच्या जोडव्यांकडेसुद्धा संशयाने बघतात.

परवा तेलीबांध्याला आमच्या घरी माझ्या लेकीचं बारसं झालं. नणंदेने पोरीच्या पायात चांदीचे वाळे घातले आणि त्याच वेळी मामा दारात. मी कपाळाला हात लावला. मामा तरातरा पाळण्यापाशी आले, वाळे बघून लालबुंद झाले. "हे कोनाचा सिनेमा वितळवून..." एवढं ओरडले, तोच पोरीने पाय झाडला. घुंगरू वाजले. तिने पुन्हा झाडला, जोरात, दुपट्यासकट.

मामा खाली वाकून ऐकत राहिले. त्यांचा राग असा उतरताना मी कधी पाहिला नव्हता, आणि मला तो बघवेना.

"निघाली वं माय," ते पाळण्याकडे बघत आपल्या आईला सांगत होते. "लाथा मारत निघाली."