तलावाच्या पाळीवरचे अध्यक्ष

खैरटोल्याच्या मच्छीमार संस्थेच्या एकाही अध्यक्षाबद्दल कुंता मारबतेचं मत कधी चांगलं नव्हतं. तिला मत विचारायला कोणी जात नसे. नळावर, लग्नाच्या मांडवात, तेराव्याच्या पंगतीत, जिथे दोन माणसं उभी दिसतील तिथे ती ते आपणहून सांगायची. नागभीडच्या बाजारात टोपली घेऊन बसली, की गिऱ्हाइकाला रोहू कापून देता देता अध्यक्षाचेही तुकडे करायची. गिऱ्हाईक दोन्ही ऐकून-घेऊन जायचं, कारण तिचा मासा ताजा असायचा आणि निंदा त्याहून ताजी.

कुंताचा नवरा दारूनं गेला तेव्हा डोमाभाऊ अध्यक्ष होता. खैरटोल्याचा तलाव मालगुजारी काळातला, मोठा. त्यात हिवाळ्यापासून उन्हाळा संपेपर्यंत मोठं ओढजाळं लागायचं. जाळ्याच्या दोन टोकांना दोन दोऱ्या, प्रत्येक दोरीला माणसांची रांग, आणि दोन्ही रांगा सारख्या चालल्या तरच मासा मध्ये राहतो. एक रांग पुढे गेली, की जाळं तिरपं होतं आणि मासा खालून निघून जातो. नवऱ्याची दोरीवरची जागा रिकामी झाली तेव्हा डोमाभाऊनं कुंताला निरोप धाडला, की रडून झालं असेल तर पाण्यात उतर. बाई दोरीला लागणार म्हणून पुरुषांनी कुरकूर केली. डोमाभाऊनं त्यांच्या आयांचा उद्धार केला आणि कुरकूर बंद झाली.

याबद्दल कुंतानं त्याचे उपकार कधी मानले नाहीत. त्याला एक माणूस कमी पडत होता, म्हणून त्यानं बोलावलं, एवढाच तिचा हिशेब. बाकी डोमाभाऊत तिला तुच्छ वाटण्यासारखं भरपूर होतं. तालुक्याहून कोणी साहेब आला, की हाच वाघ कोपऱ्यात हात जोडून मांजरासारखा बसायचा. जाळ्यातली सगळ्यात मोठी मरळ कोणाच्या घरी जाते हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. तोंडात शिव्या, डोक्यात अहंकार, आणि निवडणूक आली की गळ्यात उपरणं. तलावाच्या कडेला बेशरमाचं झुडूप वाढतं तसा हा अध्यक्ष, असं ती म्हणायची. उपटला तरी तिथेच.

तो सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरायचा, हे मात्र ती सांगत नसे. अंग कापणाऱ्या थंडीतही तो गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून हाकारा द्यायचा आणि त्या हाकाऱ्यावर दोन्ही रांगा पाय टाकायच्या. ढिवराच्या पोरानं पाण्यात उतरणं यात काय मोठं, असं कुंताला वाटे. मासा निघत होता, घरं चालत होती, आणि कुंता डोमाभाऊला शिव्या देत होती. बरीच वर्षं गेली ती अशी.

मग एका पावसाळ्यात डोमाभाऊला लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. पडवीतल्या खाटेवर तो पडून राहू लागला. सुरुवातीला लोक येऊन बसायचे, पुढे फक्त त्याची बायको नीलाबाई आणि माशा उरल्या.

खुर्चीवर त्याचा पुतण्या देवानंद आला. देवानंद नागपुरात एका मोबाईलच्या दुकानात काही वर्षं होता आणि तिथून तो एकच शब्द शिकून आला होता: टीम. पहिल्याच सभेत त्यानं समाजमंदिरात समोसे वाटले आणि आतापासून कोणी मजूर नाही, कोणी दोरीवाला नाही, सगळे टीम आहेत असं जाहीर केलं. मग निळ्या रंगाचे टी-शर्ट आले. त्यावर मागे संस्थेचं नाव होतं आणि पुढे, छातीवर, देवानंदचा फोटो. ओला टी-शर्ट अंगाला चिकटला, की देवानंदचा चेहरा प्रत्येकाच्या पोटावर सुरकुतायचा. कुंतानं तिचा टी-शर्ट चुलीजवळ भांडी उतरवायला ठेवला.

देवानंदनं दोन्ही दोऱ्यांवर लीडर नेमले. दोघेही त्याच्या बसण्या-उठण्यातले, दोघांनाही पोहता येत होतं एवढंच त्यांचं मासेमारीचं शिक्षण. उजव्या दोरीचा आगा, म्हणजे रांगेतली सगळ्यात पुढची जागा, वर्षानुवर्षं लटारूकडे होता. लटारू बोलायचा कमी, पण तळाला कुठे खड्डा आहे, कुठे खुंट आहे हे त्याच्या पायांना ठाऊक होतं. देवानंदनं त्याला रांगेत मागे घातलं. लटारूनं एक हंगाम मागे राहून दोरी ओढली. पुढच्या वर्षी मिरच्या तोडायला माणसं घेऊन जाणारी गाडी तेलंगणाकडे निघाली तेव्हा तो तीत बसला आणि पुन्हा दोरीला आला नाही.

देवानंद स्वतः पाळीवर, तलावाच्या मातीच्या बांधावर, उभा राहायचा. हातात मोबाईल, डोळ्याला गॉगल. एकदा कोणी पुढारी येणार म्हणून त्यानं जाळं भर दुपारी लावायला लावलं. पुढारी आला, त्यानं एक कतला दोन्ही हातांनी धरून फोटो काढला, रुमालानं हात पुसले आणि गेला. बाकीचा मासा उन्हात मऊ पडला. बर्फाचा टेम्पो घेऊन येणारा नागभीडचा व्यापारी कमरुद्दीन यानं तो बोटानं दाबून पाहिला आणि अर्धा माल परत केला. त्या संध्याकाळी देवानंदनं मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये फोटो टाकला आणि खाली लिहिलं, टीमचं यश. खाली अंगठ्यांची रांग लागली. ज्यांनी अंगठे दिले तेच रात्री मऊ मासा खात बसले होते.

कुंताला लोकांचा राग देवानंदपेक्षा जास्त यायचा. डोमाभाऊच्या शिव्यांना मान डोलवणारी हीच माणसं आता समोशांना मान डोलवत होती. दोरीवर जोर लावल्यासारखं दाखवायचं आणि नुसतं चालायचं, ही कला सगळ्यांना आली होती. जाळं तिरपं व्हायचं, मासा निघून जायचा, आणि पाळीवरून देवानंद टाळ्या वाजवायचा.

दोन हंगामांत देवानंदचं मन संस्थेतून उडालं. त्याला आता ग्रामपंचायतीची हवा लागली होती. संस्था सोडायची होती, पण हातातून जाऊ द्यायची नव्हती. सांगेल तिथे सही करील असं कोणी तरी हवं होतं. महिला अध्यक्ष झाली तर पेपरात नाव येईल, असं त्याच्या डोक्यात आलं. तो नारळ आणि साडी घेऊन कुंताच्या दारात आला.

सून रुपालीनं सासूला आत बोलावून सांगितलं, की हा माणूस तुम्हाला पुढे करून मागे राहणार आहे. कुंताला ते कळत होतं. पण तिला दुसरंही काही वाटत होतं, आणि ते तिनं सुनेला सांगितलं नाही. इतकी वर्षं ती मूर्खांना खुर्चीवर पाहत आली होती. मूर्ख बाजूला झाला, की काम आपोआप सरळ होईल, याबद्दल तिच्या मनात तिळाएवढी शंका नव्हती. तिनं साडी परत केली, नारळ ठेवून घेतला आणि हो म्हणाली.

देवानंदची सही करून घेण्याची हौस पहिल्याच महिन्यात फिटली. त्यानं पुढे केलेला कागद कुंतानं वाचून घेतल्याशिवाय धरला नाही, आणि वाचल्यावर त्याच्याच खिशात कोंबला. लीडर गेले, टी-शर्ट गेले. लोकांना वाटलं, आता बरं होईल. मग पहिल्या जाळ्याचा दिवस आला आणि कुंता पाळीवर उभी राहिली.

तिच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. कोण नुसता चालतो, कोण दोरी ढिली सोडतो, कोण पाण्यात उभ्या उभ्या तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळतो. जे दिसलं ते ती ओरडून सांगत होती, सगळ्यांच्या नावानिशी, बापानिशी. सगळं खरं होतं. माणसं ऐकत होती आणि प्रत्येक शब्दागणिक दोरी आणखी जड होत होती.

उजव्या दोरीच्या आग्याला त्या दिवशी लटारूचा पोरगा अमर होता. नुकतं लग्न झालेला, अंगानं मजबूत, कामाला चांगला. जाळं खुंटात अडकलं. अमरनं दोरी सोडून बुडी मारली, जाळं मोकळं करायला. पाळीवरून एवढंच दिसलं, की दोरी सुटली. कुंता ओरडली, "बाप मिरच्या तोडाले पळाला, पोरगा दोरी सोडून पळते! पळणाऱ्याचंच घर हाये ते!"

अमर वर आला तेव्हा सगळे त्याच्याकडे पाहत होते. काही जण हसलेही. त्यानं जाळ्याचं सोडवलेलं टोक शेजारच्याच्या हातात दिलं, पाण्याबाहेर आला, पाळ चढला आणि कुंताच्या अंगावरून, तिच्याकडे न पाहता, घरी गेला.

पुढच्या जाळ्याला अर्धी माणसं आली. त्याच्या पुढच्याला तर जाळं उचलायलाही पुरेसे हात नव्हते. मे महिना लागला होता, तलाव खाली गेला होता, गरम पाण्यात मासा वर येऊन तोंड उघडत होता. आठवड्याभरात काढला नाही तर मरणार हे सगळ्यांना दिसत होतं. कमरुद्दीननं टेम्पो पाळीशी लावला, बर्फ वितळताना पाहत बसला, मग कुंताजवळ आला. डोमाभाऊच्या काळापासूनचा ओळखीचा माणूस, तो उगाच बोलत नसे. त्यानं सांगितलं, की पुढच्या गावात माल तयार आहे, तो तिकडे जातो. तुमच्याकडे माणसं जमली की फोन करा. जाताना त्यानं चहाच्या टपरीकडे बोट दाखवलं. खैरटोल्याची निम्मी संस्था तिथे बसून त्याच्या टेम्पोकडे पाहत होती.

कुंता तशीच डोमाभाऊच्या घरी गेली. कशाला गेली हे तिला नीट सांगता आलं नसतं. त्याच्या खाटेजवळ उकिडवी बसून तिनं सगळ्यांची गाऱ्हाणी सांगितली: देवानंदनं कसं वाटोळं केलं, लोक कसे हरामखोर झाले, अमरला कसा माज चढला. डोमाभाऊ छपराकडे पाहत ऐकत होता. तिचं संपल्यावर त्यानं वाकड्या तोंडानं, थुंकी सावरत, एकच विचारलं.

"तू कुठी उभी होती?"

"पाळीवर," कुंता म्हणाली.

डोमाभाऊनं तोंड भिंतीकडे फिरवलं. नीलाबाईनं चहाला विचारलं, पण कुंता उठली होती. आयुष्यभर ज्या नजरेनं तिनं त्या माणसाकडे पाहिलं होतं ती नजर तो तिच्यावर टाकायच्याही भानगडीत पडला नाही. घरी जाताना तिला आधी त्याचा संताप आला, मग स्वतःची किळस. खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला ती काय काय म्हणाली होती ते सगळं तिला पाठ होतं.

संध्याकाळी ती अमरच्या दारात गेली. अमरची बायको निशा भांडी घासत होती. तिनं सासऱ्याबद्दलचे शब्द गावभर ऐकले होते, म्हणून उठली नाही. अमर ओट्यावर जाळ्याचा एक तुकडा विणत बसला होता. कुंता उभ्या उभ्याच बोलली.

"तुह्या बापाले म्हटलं ते खोटं होतं. त्याले देवानंदनं पळवलं, आन् मी तमाशा पाहत राह्यली. उद्या जाळं टाकाचं हाये. आगा तू धर. हाकारा बी तूच दे."

अमरनं विणणं थांबवलं नाही. "आन् तू काकू? पाळीवर?"

"मी दोरीले राहीन. मांगं."

त्या रात्री अमरनं घरोघर निरोप दिले, आणि पहाटे, तोंड धुवायच्या वेळी तलावावर माणसं जमली. काही काम करायला आली होती, बरीचशी अध्यक्षीण पाण्यात कशी उतरते ते पाहायला. कुंता लुगडं खोचून उतरली. चिखलात तिचा पाय घसरला, दोघे-तिघे हसले. तिनं दोरीचं शेपूट धरलं. पुढून अमरचा हाकारा आला, अजून कच्चा, डोमाभाऊपेक्षा चढा, पण त्यावर पाय पडू लागले. मध्येच त्यानं मागे वळून ओरडून सांगितलं, की काकू, ढिली सोड, आपली बाजू पुढे चालली. कुंताच्या जिभेवर उत्तर आलं होतं. ती ढिली सोडून गप्प चालत राहिली.

मासा निघाला. डोमाभाऊच्या काळाइतका नाही; बराच आधीच मेला होता आणि पांढरी पोटं वर करून काठाला लागला होता. कमरुद्दीनला फोन गेला, तो आला, पाहिलं, आणि यावेळी मासा दाबून न पाहता टेम्पोत भरला.

पावसाळ्याआधीच्या सभेत कुंतानं अध्यक्षपद सोडलं. देवानंदनं लगेच दुसऱ्या एका बाईचं नाव पुढे केलं, पण लोकांनी अमरला निवडलं. देवानंदनं हार मानली असं दाखवलं नाही. मावळत्या अध्यक्षांचा सत्कार हा कार्यक्रम त्यानं स्वतःच ठरवला, स्वतःच भाषण केलं, महिलांचं सक्षमीकरण या विषयावर बराच वेळ बोलला, आणि फोटोत आपण मध्ये येऊ अशा बेतानं कुंताच्या अंगावर शाल टाकली.

शाल लोकरीची होती, खैरटोल्याच्या उन्हाळ्यात तिचा काही उपयोग नव्हता. पुढच्या बाजाराला कुंतानं ती गुंडाळून डोक्यावर तिची चुंबळ केली, त्यावर मासळीची टोपली ठेवली आणि नागभीडच्या गाडीसाठी फाट्याकडे निघाली. वाटेत देवानंद त्याच्या दारात उभा होता. शालीतून माशाचं पाणी टपकत होतं. तिनं त्याला रामराम घातला.